आखाडा आणि आरमार : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : आमच्या गावच्या जत्रेतील कुस्ती मैदानात निवेदकांनी एक गोष्ट सांगितली. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांना कांस्यपदक मिळाले, त्याच वेळी कोल्हापूरच्या दुसऱ्या एका मल्लाचे पदक थोडक्यात हुकले आणि ते अमेरिकेच्या नौदलातील एका अधिकाऱ्याने नेले, असे ते म्हणाले. हे खरे आहे का? आणि खरे असेल, तर नौदलातला साहेब एवढी कुस्ती शिकला कुठे? आमच्याकडे पैलवान साहेब होत नाही आणि साहेब लंगोट लावत नाही.
— एक वाचक, एकसंबा (ता. चिकोडी)

उत्तर : निवेदकांनी सांगितले ते खरे आहे. हे पत्र एकसंब्याहून यावे याचेही आम्हांला विशेष वाटले, कारण १९५९ साली पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे मूळचे आपल्याच गावचे.

त्या पदक हुकलेल्या मल्लाचे नाव केशव माणगावे. खाशाबा ५७ किलो वजनी गटात लढले, माणगावे त्याच्या वरच्या, म्हणजे ६२ किलोच्या (फेदरवेट) गटात. या गटात तुर्कस्तानच्या बायराम शिट यांनी सुवर्ण, इराणच्या नासेर गिवेची यांनी रौप्य आणि अमेरिकेच्या जोसाया हेन्सन यांनी कांस्य मिळवले. माणगावे चौथे आले. कोल्हापूरच्या मल्लांना या वजनी गटाने दुसऱ्यांदा हुलकावणी दिली होती, कारण १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये रणधीर शिंदे हेही फेदरवेट गटातच चौथे आले होते. खाशाबांचे पदक आपण दरवर्षी आठवतो आणि ते योग्यच आहे, पण त्याच दिवसांत त्याच सभागृहात पदकाच्या इतक्या जवळ पोहोचलेल्या माणगाव्यांचे नाव आज तालमीतल्या पोरांनाही ठाऊक नसते, याची आम्हांला खंत वाटते.

‘थोडक्यात हुकले’ याचा अर्थही नीट समजून घ्यावा. आज उपांत्य फेरीत हरलेल्या मल्लाला कांस्यपदकासाठी वेगळी लढत मिळते. त्या काळी तशी सोय नव्हती. तेव्हा दोषगुणांची पद्धत होती. चितपट मारणाऱ्याच्या नावावर एकही दोषगुण चढत नसे, पंचांच्या निर्णयावर जिंकणाऱ्याच्या नावावरही थोडा चढे, हरणाऱ्याच्या नावावर अधिक चढे आणि पाच दोषगुण झाले की मल्ल स्पर्धेबाहेर जाई. त्यामुळे कोण कोणाशी कितव्या फेरीत लढला, जिंकताना चितपट मारली की नुसती सरशी मिळवली, यावर पदकाचा हिशेब फिरत असे. आपल्या जत्रेतल्या निकाली कुस्तीत वाढलेल्या मल्लाला हा हिशेब अंगवळणी पडणे सोपे नव्हते. मातीत पाठ लागली की निकाल लागतो आणि लागली नाही तर बरोबरीत सोडवली जाते, हे ज्याच्या रक्तात भिनले आहे, त्याला तीन पंचांच्या निर्णयासाठी मॅटवर पंधरा मिनिटे लढायचे होते.

आता हेन्सन यांच्याविषयी. त्यांचा जन्म १९२२ चा. ते अमेरिकेच्या नौदलाच्या अ‍ॅनापोलिस येथील अकादमीत शिकले, तिथल्या संघातून कुस्ती खेळले आणि नौदलात अधिकारी झाले. हेलसिंकीला उतरले तेव्हा त्यांचे वय तिशीला टेकले होते, म्हणजे ते खाशाबांपेक्षा चार वर्षांनी मोठे होते. फेदरवेटसारख्या चपळाईच्या गटात या वयाला आपल्याकडे वस्ताद म्हणतात, “आता पोरांना शिकव.” पुढे १९८० च्या दशकात ते अमेरिकेतील हौशी खेळांच्या ‘अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथलेटिक युनियन’ या जुन्या संघटनेचे अध्यक्षही झाले.

असा माणूस घडला कसा, हा आपल्या प्रश्नाचा खरा गाभा आहे. अमेरिकेत कुस्ती तालमीत वाढली नाही, शाळा-कॉलेजात वाढली. तिथल्या विद्यापीठांची राष्ट्रीय कुस्ती स्पर्धा १९२८ सालापासून भरते आणि ओक्लाहोमासारख्या राज्यात तर कॉलेजच्या कुस्तीला कोल्हापूरच्या खासबाग मैदानासारखा मान आहे. कॉलेजकडून खेळायचे तर कॉलेजात नाव हवे, परीक्षा पास व्हायला हवी आणि सरावाची वेळही वर्गाच्या वेळापत्रकात बसवावी लागते. तिथला मल्ल म्हणून पुस्तकापासून तुटत नाही. नौदल अकादमीने तर याच्या पुढची पायरी गाठली आहे. तिथे पोहणे, मुष्टियुद्ध आणि कुस्ती हे शारीरिक शिक्षणाचे सक्तीचे भाग असल्यामुळे भावी अधिकाऱ्याला आखाड्याची तोंडओळख चुकवताच येत नाही. जो त्यात चमकतो तो संघात जातो आणि संघात गेला म्हणून त्याला गणिताची किंवा नौकानयनाची परीक्षा माफ होत नाही.

त्यांच्या कॉलेज कुस्तीत एक प्रकार असा आहे, की आपल्याकडच्या वस्तादांनी पाहिला तर ते लगेच मान डोलावतील. एका मल्लाने दुसऱ्याला खाली घेतले, की वरचा मल्ल त्याच्या पाठीशी छाती चिकटवून, एका हाताने मनगट धरून आणि दुसऱ्या हाताने कमरेला विळखा घालून त्याला उठू देत नाही, आणि हा ताबा किती वेळ टिकला हे बाजूला घड्याळ लावून मोजले जाते. या वेळेचा त्याला गुण मिळतो. आपल्या तालमीत सवारी भरून खालच्या मल्लाला दमवतात, त्याच कसबाला तिथे घड्याळ लावले आहे. तासन्‌तास असा सराव केलेला मल्ल फ्रीस्टाइलच्या मॅटवर आला, की त्याच्या खालून सुटणे अवघड जाते.

हेन्सन एकटेच नव्हते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ८७ किलो गटात इराणचे थोर मल्ल गुलाम रेझा तख्ती यांनी सुवर्ण मिळवले, त्या गटातील कांस्यपदकाचे मानकरी पीटर ब्लेअर हेही याच अकादमीचे. १९७२ साली तिथून बाहेर पडलेले लॉईड कीझर १९७३ मध्ये तेहरानला ६८ किलो गटात जगज्जेते झाले आणि १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये त्यांनी रौप्यपदक मिळवले. ते मरीन दलात अधिकारी होते. एका अकादमीतून इतकी नावे निघतात, तेव्हा तो योगायोग उरत नाही.

शेवटची गोष्ट पैशाची. त्या काळी ऑलिंपिकमध्ये फक्त हौशी खेळाडूंनाच प्रवेश होता, म्हणजे खेळावर पैसे घेणारा बाद. पण सैन्यातला अधिकारी नोकरीचा पगार घेतो, खेळाचा नाही, म्हणून तो हौशीच ठरे. अशा रीतीने हेन्सन यांच्या पोटापाण्याची काळजी मिटलेली होती. त्याच हेलसिंकीला जाण्यासाठी खाशाबांनी लोकवर्गणी जमवली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून त्यांना सात हजार रुपये दिले, ही गोष्ट कोल्हापूर-बेळगावच्या प्रत्येक तालमीत सांगितली जाते. खाशाबांना पोलिसात फौजदाराची जागा मिळाली ती १९५५ साली, म्हणजे पदकानंतर तीन वर्षांनी. आपण म्हणता तसे ‘पैलवान साहेब होत नाही’ हे मात्र सर्वस्वी खरे नाही. खाशाबा साहेब झाले, पण ते पदकामुळे झाले; हेन्सन आधी साहेब होते आणि म्हणून त्यांना पदकापर्यंत जाता आले. खाशाबांच्या गुणांना यात कुठेही उणेपणा नाही. उणेपणा आहे तो त्यांना वर्गणी मागायला लावणाऱ्या व्यवस्थेचा.

प्रश्न : माझा मुलगा दहावीला आहे. पाचवीपासून तो गावच्या तालमीत जातो आणि तालुक्याच्या मैदानात दोन-तीनदा गदा जिंकून आला आहे. कारवारला मावशीकडे गेला असताना त्याने नौदलाची जहाजे पाहिली आणि तेव्हापासून त्याला नौदलात अधिकारी व्हायचे आहे. वस्ताद म्हणतात, “पोरगं हाताशी आलंय, आता शाळेचं खूळ सोडा आणि कोल्हापूरला तालमीत धाडा, खेळाच्या जोरावर आपोआप साहेब होईल.” शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. काय करावे?
— एक आई, खानापूर तालुका

उत्तर : ताई, वस्तादांचा मुलावर जीव आहे हे त्यांच्या शब्दांवरून कळते, पण त्यांचा सल्ला या एका बाबतीत चुकीचा आहे आणि तो ऐकलात तर मुलाची वाट बंद होईल. नौदलात अधिकारी होण्याचा दरवाजा खेळातून उघडत नाही, अभ्यासातून उघडतो. खेळ त्या दरवाज्याच्या आत गेल्यावर उपयोगी पडतो.

बारावीनंतरचा मुख्य मार्ग एनडीएचा, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा. केंद्रीय लोकसेवा आयोग ही परीक्षा वर्षातून दोनदा घेतो. वयाची अट साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे आणि उमेदवार अविवाहित हवा. नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तिन्ही विषय लागतात. म्हणून आपल्यापुढचा पहिला निर्णय दहावीनंतर लगेचच येतो : मुलाने अकरावीला विज्ञान शाखाच घ्यायला हवी. कला शाखेला नाव घालून दिवसभर तालीम करायची, असे आपल्या भागातली कितीतरी पैलवान पोरे करतात, आणि त्याच दिवशी नौदलाचा हा रस्ता त्यांच्यासाठी बंद होतो.

लेखी परीक्षेत गणिताला ३०० गुण आणि सामान्य क्षमतेला ६०० गुण असतात. त्या ६०० पैकी २०० गुण इंग्रजीचे. प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीत असते, मराठीत किंवा कन्नडमध्ये नसते. सीमाभागातल्या मराठी शाळांतल्या मुलांना घरी मराठी, बाजारात आणि कचेरीत कन्नड, सिनेमात हिंदी अशा तीन भाषांची सवय असते. कच्ची राहते ती चौथी, इंग्रजी. मुलाची अडचण बुद्धीची नाही, सरावाची आहे. रोज इंग्रजी वर्तमानपत्राचे एक पान मोठ्याने वाचायचे आणि त्यातले चार परिच्छेद स्वतःच्या शब्दांत लिहायचे, एवढे त्याने आजपासून दोन वर्षे केले तरी २०० गुणांची भीती उरणार नाही. गणिताकडे मात्र आठवी-नववीपासूनची पुस्तके काढून पुन्हा पाहावे लागेल. शिक्षक चांगला मिळाला तर शिकवणी लावा, पण ‘एनडीए हमखास’ अशा पाट्या लावणाऱ्यांच्या मोठाल्या फीपासून सावध राहा.

छत्रपती संभाजीनगर येथे महाराष्ट्र शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ सालापासून चालते. दहावीतील मुलांमधून निवड करून त्यांना अकरावी-बारावी आणि एनडीएची तयारी ती एकत्र करून देते. तिच्या प्रवेशाच्या अटींत महाराष्ट्राबरोबर बेळगाव, कारवार आणि बिदर या जिल्ह्यांचाही उल्लेख येत आला आहे. चालू वर्षाची जाहिरात निघाली, की अधिवासाची अट आधी वाचा आणि दाखले वेळेत काढून ठेवा, कारण तहसीलदार कचेरीत शेवटच्या आठवड्यात रांग लागते.

लेखी परीक्षा पार झाली, की सेवा निवड मंडळाची पाच दिवसांची मुलाखत असते. तिला ९०० गुण आहेत, म्हणजे लेखी परीक्षेइतकेच. पैलवान मुलाला खरा फायदा होतो तो इथे. मैदानावर आठ-दहा उमेदवारांच्या गटाला दोन फळ्या, दोरी आणि एक पिंप देऊन सांगितले जाते, की लाल रंगाने रंगवलेल्या भागाला न शिवता हे सामान घेऊन पलीकडे जा. पहिल्या मिनिटाला सगळेच एकदम बोलतात. अशा वेळी आपली पैलवान पोरे दोन चुका करतात. काही जण फळी एकट्यानेच उचलून धावतात, कारण ताकद आहे. काही जण मागे गप्प उभे राहतात, कारण तालमीत वस्तादांपुढे बोलायची रीत नसते. परीक्षक ताकद मोजत नसतो. फळी कुठे टेकवायची हे कोणी सुचवले, दुसऱ्याची सूचना बरी निघाली तर ती कोणी मान्य केली आणि मागे राहिलेल्या भित्र्या सोबत्याला हात कोणी दिला, हे तो टिपत असतो. मुलाला शाळेत, गणेशोत्सव मंडळात, गावच्या वाचनालयात, जिथे मिळेल तिथे चार लोकांपुढे बोलायला लावा.

निवड झाल्यावर खडकवासल्याला तीन वर्षे आणि त्यानंतर केरळमधील एझिमला येथील भारतीय नौदल अकादमीत प्रशिक्षण होते. ही अकादमी जानेवारी २००९ मध्ये एझिमलाला सुरू झाली. त्याआधी ती आपल्या शेजारी गोव्यात होती. पोहता येत नसले तरी काळजी नको, ते तिथे शिकवतात आणि शिकल्यावाचून पुढे जाऊ देत नाहीत. मलप्रभेच्या काठचा मुलगा असेल तर तो निम्मे काम घरीच करून जाईल.

तालीम सोडायची का? अजिबात नाही. पण ती निम्मी करावी लागेल. पहाटे चारला उठून जोर-बैठका, मग मातीतल्या लढती, मग खुराक खाऊन झोप आणि संध्याकाळी पुन्हा मेहनत, हा मोठ्या मैदानाच्या पैलवानाचा दिवस आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला तो पेलत नाही. वर्गात पेंगणारा पैलवान आपल्या तालुक्यातल्या कोणत्याही शिक्षकाला नवा नाही. सकाळची मेहनत ठेवा, संध्याकाळ अभ्यासाला द्या आणि जत्रांची मैदाने दोन वर्षे कमी करा. इनामाची रक्कम हातची जाईल हे खरे. त्याऐवजी शालेय आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत मॅटवर खेळवा, कारण त्या प्रमाणपत्रांची नोंद पुढे कुठेही दाखवता येते. जत्रेत जिंकलेल्या गदेचा फोटो मुलाखतीत दाखवून भागत नाही. वस्तादांनाही हे समोर बसवून सांगा. ज्यांनी पाचवीपासून मुलाला घडवले त्यांच्या पाठीमागे असा निर्णय घेऊ नये, आणि एकदा पटले की मुलाला अभ्यासाला बसवण्यात तेच आपल्याला सर्वांत जास्त मदत करतील. आईचे न ऐकणारी पोरे वस्तादांचे ऐकतात.

प्रश्न : मी बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला आहे. ७४ किलो गटात विद्यापीठाकडून अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळलो आहे. खेळाडूंच्या कोट्यातून नौदलात जाता येते असे ऐकतो. त्यातून अधिकारी होता येते का? की आधी शिपाईच व्हावे लागते?
— एक विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : नौदल खेळाडूंच्या कोट्यातून नाविकांची भरती करते आणि त्या खेळांत कुस्तीचा समावेश आहे. आंतरराष्ट्रीय, राष्ट्रीय आणि आंतरविद्यापीठ पातळीवरील कामगिरी त्यासाठी पाहिली जाते, चाचणी घेतली जाते आणि वयाची मर्यादा कडक असते. हा प्रवेश नाविक म्हणून आहे, अधिकारी म्हणून नाही. त्यात कमीपणा काहीच नाही. नौदलातला मल्ल राष्ट्रीय स्पर्धेत सेनादलाच्या संघातून उतरतो आणि सेनादलाचा कुस्ती संघ देशातल्या तगड्या संघांपैकी एक असतो.

नाविकाला पुढे अधिकारी होता येते. सेवेत असताना ठरावीक वयाच्या आत आणि शिक्षणाची अट पुरी करून कमिशनसाठी, म्हणजे अधिकारीपदासाठी, अर्ज करता येतो. त्यालाही सेवा निवड मंडळासमोर जावे लागते. दीर्घ सेवेनंतर निवडक ज्येष्ठ नाविकांना मानद सब-लेफ्टनंट किंवा लेफ्टनंट हा हुद्दा प्रजासत्ताक दिनी वा स्वातंत्र्यदिनी दिला जातो, पण तो सेवेच्या अखेरीस मिळणारा सन्मान आहे, त्याला वाट समजू नये.

आपण पदवीच्या उंबरठ्यावर आहात, म्हणून आमचे मत स्पष्ट सांगतो. कुस्तीत अजून पाच-सहा वर्षे राष्ट्रीय पातळीवर खेळायची धमक असेल, तर खेळाडू कोटा आपल्यासाठी चांगला. पगार, खुराक, मॅट आणि प्रशिक्षक सगळे मिळते आणि घरच्यांच्या डोक्यावरचे ओझे उतरते. मनात मुख्यतः गणवेशाचा हुद्दा असेल, तर पदवीधरांसाठीच्या अधिकारी प्रवेशांच्या जाहिराती पाहाव्यात. त्यांपैकी बहुतेकांत विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी मागतात, त्यामुळे कला शाखेच्या पदवीधराने भूसेनेचाही विचार करावा. तिथे एकत्रित संरक्षण सेवा परीक्षेतून कोणत्याही शाखेच्या पदवीधराला अधिकारी होता येते. आपण बेळगावात राहता. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून या गावात आहे आणि तिथे खेळाडू मुलांसाठी बॉईज स्पोर्ट्स कंपनीही चालते. आपले वय आता त्या कंपनीत जाण्याचे नाही, पण तिथल्या प्रशिक्षकांना भेटून सेनादलाच्या निवड चाचण्या कशा होतात हे समजून घेण्यासारखे आहे. आनंदवाडीच्या आखाड्यात मोठे मैदान भरते तेव्हा सैन्यातले जुने मल्ल पहिल्या रांगेत बसलेले असतात, त्यांच्याशीही बोला. जाहिरात वाचून न कळणाऱ्या दहा गोष्टी ते बसल्या जागी सांगतात.

प्रश्न : माझा उजवा कान कुस्तीत फुटला आहे आणि वजनही तक्त्यापेक्षा जास्त भरते. पोट अजिबात नाही, सगळे अंग मेहनतीचे आहे. वैद्यकीय तपासणीत नापास करतात का?
— एक मल्ल, येळ्ळूर

उत्तर : वजनाची काळजी वाटते तेवढी करू नका. सेनादलांच्या वैद्यकीय निकषांतच म्हटले आहे, की राष्ट्रीय पातळीवर कुस्ती, मुष्टियुद्ध किंवा शरीरसौष्ठव केल्याचा कागदोपत्री पुरावा असेल तर तक्त्याहून अधिक वजन चालू शकते. मात्र कमरेचा घेर, कंबर व नितंब यांचे प्रमाण आणि रक्ताच्या तपासण्या मर्यादेत असायला हव्यात. जत्रेतली कुस्ती यात धरत नाहीत. प्रमाणपत्र नसेल तर वजन उतरवावेच लागेल आणि ते तपासणीच्या आदल्या आठवड्यात पाणी तोडून नव्हे, चार-सहा महिने आधीपासून तूप-बदाम कमी करून आणि रोज धावून उतरवावे.

कानाच्या बाबतीत पाहतात ते दोन गोष्टी. पहिली, ऐकू नीट येते का आणि पडदा शाबूत आहे का. दुसरी, कानाची पाळी इतकी बिघडली आहे का, की शिरस्त्राण किंवा कानावर चढवायची उपकरणे नीट बसणार नाहीत. कडा नुसती जाड झाली असेल तर ते सहसा आड येत नाही. तरी आताच कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवून लेखी अभिप्राय घ्या. आणि कान नव्याने सुजला असेल, तर तालमीत सुईने रक्त काढून वर पट्टी आवळण्याचा जो उपाय करतात तो करू नका. त्यातून जंतुसंसर्ग होऊन कूर्चा कायमची खराब होते. रक्त डॉक्टरांकडूनच काढून घ्यावे आणि सरावात कानाचे टोपरे वापरावे. आपल्याकडे फुटलेला कान मिरवायची रीत आहे, वैद्यकीय मंडळाला तिचे कौतुक नसते.

नौदलासाठी रंग ओळखण्याची क्षमताही तपासतात. ती मेहनतीने बदलत नाही, म्हणून ती तपासणी सर्वांत आधी करून घ्या. हातावर किंवा छातीवर नव्याने गोंदवून घेऊ नका; हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत आणि पंजाच्या मागच्या बाजूला चालते, इतरत्र अडचण येते.

प्रश्न : मी अकरावी विज्ञानला आहे आणि दोन वर्षांपासून मॅटवर कुस्ती खेळते. मुलींना नौदलात अधिकारी होता येते का? घरी म्हणतात, कुस्ती आणि नौदल दोन्ही मुलांचे.
— एक विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर : होता येते. नौदलात महिला अधिकारी १९९२ पासून आहेत. एनडीएचा दरवाजा मुलींसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर उघडला, २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी खडकवासल्याला दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये ती शिक्षण पूर्ण करून बाहेर पडली. कुस्तीचे म्हणाल, तर साक्षी मलिक यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पदक आणले त्याला आता बरीच वर्षे झाली. घरच्यांना ही दोन्ही उत्तरे एकदाच वाचून दाखवा.

खानापूरच्या ताईंना वर एनडीएच्या परीक्षेबद्दल आणि मुलाखतीबद्दल जे सांगितले आहे ते आपल्यालाही लागू आहे आणि विज्ञान शाखा निवडून आपण पहिली पायरी आधीच चढला आहात. सरावाच्या सोबत्यांचा प्रश्न मात्र आपल्यापुढे अधिक बिकट असेल, कारण निपाणी परिसरात मुलींची जोड सहज मिळत नाही. कोल्हापूर जवळ आहे. सुटीच्या दिवशी तिथे सराव आणि एरवी घरी धावणे, दोरीवरच्या उड्या आणि पोहणे असे वेळापत्रक आखावे. बारावीच्या वर्षी एखादा हंगाम कुस्ती बंद ठेवावी लागली तरी चालेल. एनडीएच्या अर्जाची तारीख चुकवू नये, आणि जन्मतारीख मोजून आपल्याला त्या परीक्षेच्या किती संधी मिळतात हे आजच कागदावर मांडून ठेवावे.